डॉक्टर होण्याची वाट : बारावीनंतर थेट की पदवीनंतर?

मृगाचा पाऊस पडू लागला, की परभणी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत कापूस व सोयाबीनच्या पेरणीची लगबग सुरू होते. याच सुमारास अनेक घरांत दुसरीही एक चिंता ठाण मांडून बसलेली असते. बारावीचा निकाल लागलेला असतो आणि वैद्यकीय प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेचे, म्हणजे ‘नीट’चे, गुण हाती आलेले असतात. मुलाने किंवा मुलीने डॉक्टर व्हावे ही आईवडिलांची इच्छा असते. परंतु गुण थोडे कमी पडलेले असतात. अशा वेळी आणखी एक वर्ष परीक्षेची तयारी करावी, मिळेल त्या दुसऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा, आधी बी.एस्सी. व्हावे, की जमीन विकून परदेशी पाठवावे, असे प्रश्न उभे राहतात. त्यांचे उत्तर शोधण्यासाठी पालक गावातील शिक्षकाकडे, ग्रामसेवकाकडे किंवा पंचायत सदस्याकडे येतात. हे उत्तर चुकले, तर त्या घराची काही वर्षांची कमाई आणि विद्यार्थ्याच्या उमेदीची वर्षे पणाला लागतात. म्हणूनच वैद्यकीय शिक्षणाच्या रचनेची नेमकी माहिती मार्गदर्शन करणाऱ्या प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

दोन देश, दोन पद्धती

जगात डॉक्टर घडविण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत विद्यार्थी शालेय शिक्षण संपताच थेट वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश करतो. भारत, इंग्लंड आणि युरोपातील बहुसंख्य देश या पद्धतीने चालतात. दुसऱ्या पद्धतीत विद्यार्थी आधी सर्वसाधारण पदवी घेतो आणि त्यानंतर वैद्यकीय शिक्षणाकडे वळतो. अमेरिकेत ही पद्धत रूढ आहे. तेथे सामान्यतः चार वर्षांची पदवी, त्यानंतर स्वतंत्र प्रवेश परीक्षा आणि मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण असा आठ वर्षांचा क्रम असतो. १८९३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयाने पदवीधरांनाच प्रवेश देण्याचा दंडक घातला. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या फ्लेक्सनर अहवालाने वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा उंचावण्याचा आग्रह धरला आणि त्यातून ही पद्धत तेथे दृढ झाली.

तथापि आठ वर्षांचा काळ आणि मध्येच येणारी प्रवेशाची अनिश्चितता यांमुळे अमेरिकेतील काही विद्यापीठांनी संयुक्त अभ्यासक्रम सुरू केले. त्यांत पदवी आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्हींचा प्रवेश शालेय शिक्षण संपतानाच निश्चित होतो. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील वैद्यकीय विद्यालयाने १९७१ साली सहा वर्षांचा असा अभ्यासक्रम सुरू केला. ब्राऊन विद्यापीठाचा संयुक्त अभ्यासक्रम आठ वर्षांचा आहे. तेथे वेळेची बचत होत नाही, मात्र प्रवेशाची हमी मिळते आणि आवडीचे अन्य विषयही शिकता येतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांपुढे आज हाच प्रश्न असतो. अठराव्या वर्षी हमी पत्करावी, की चार वर्षे मोकळेपणाने शिकून मग निर्णय घ्यावा? हमी घेणाऱ्यास ठराविक गुणांची अट सतत पाळावी लागते आणि पुढे मन बदलल्यास वाट सोडणे अवघड वाटते. मोकळेपणा पत्करणाऱ्यास विचार करण्यास अवधी मिळतो, परंतु अखेरीस प्रवेश मिळेलच असे नसते.

आपल्याकडील रचना

या दृष्टीने पाहिल्यास आपला एम.बी.बी.एस. हा अभ्यासक्रम मुळातच एकसंध आहे. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षांत विद्यार्थी डॉक्टर होतो. ज्यासाठी अमेरिकेत काही मोजक्या विद्यापीठांतून खास प्रयत्न करावे लागतात, तो थेट प्रवेश येथे हाच सर्वमान्य मार्ग आहे.

ही रचना आपोआप घडलेली नाही. १८४५ साली मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे विद्यापीठाची पदवी घेणारे डॉक्टर आणि अल्पकालीन शिक्षण घेऊन परवाना मिळविणारे वैद्यक व्यावसायिक असे दोन वर्ग देशात निर्माण झाले. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात ही दुहेरी व्यवस्था संपवून सर्वांसाठी एकच पदवी ठेवावी अशी शिफारस केली. त्यानंतरही बराच काळ विद्यार्थी शालान्त परीक्षेनंतर महाविद्यालयात विज्ञान शाखेची दोन वर्षे काढीत आणि इंटर सायन्सच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश घेत. सत्तरच्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि बारावी हा वैद्यकीय शिक्षणाचा उंबरठा झाला.

प्रवेशाची कसोटीही बदलत गेली. आधी बारावीच्या गुणांवर प्रवेश होत असे. पुढे राज्याची सामाईक परीक्षा आली. २०१३ साली ‘नीट’ ही राष्ट्रीय परीक्षा प्रथम घेण्यात आली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली आणि २०१६ साली तिचे पुनरुज्जीवन झाले. २०१७ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येऊ लागली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा २०१९ चा कायदा २०२० मध्ये अंमलात आल्यावर वैद्यकीय शिक्षणाचे नियमन या आयोगाकडे आले.

मराठवाड्याची वाटचाल

हैदराबाद संस्थानाच्या काळात परभणीच्या विद्यार्थ्याला वैद्यकीय शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५६ साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९७४ साली अंबाजोगाई येथे ग्रामीण भागात वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. १९८८ साली नांदेड आणि २००२ साली लातूर येथे शासकीय महाविद्यालये आली. परभणी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ साली १०० जागांसह सुरू झाले. पूर्वी परभणी जिल्ह्याचाच भाग असलेल्या आणि १ मे १९९९ रोजी स्वतंत्र झालेल्या हिंगोली जिल्ह्यात, तसेच शेजारच्या जालना जिल्ह्यात २०२४ साली शासकीय महाविद्यालये सुरू झाली.

२०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख ३६ हजार आहे. एवढ्या जिल्ह्यास स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळणे ही मोठी गोष्ट होय. तथापि जिल्ह्यात महाविद्यालय झाले म्हणजे जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवल्या, असा समज योग्य नाही. शासकीय महाविद्यालयातील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के जागा राज्याच्या गुणवत्ता यादीतून भरल्या जातात. पूर्वी राज्यात ७०:३० हे प्रादेशिक सूत्र होते. त्यानुसार ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी असत. मराठवाड्यात महाविद्यालयेच कमी असल्याने येथील विद्यार्थ्यांचे त्यात नुकसान होते, अशी तक्रार दीर्घकाळ होती. २०२० साली शासनाने हे सूत्र रद्द केले. तेव्हापासून जिंतूरचा विद्यार्थी आणि मुंबईचा विद्यार्थी राज्याच्या एकाच यादीत आपापल्या प्रवर्गात स्पर्धा करतात.

पात्रता आणि प्रवेश यांतील फरक

पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज ‘पात्र’ या शब्दाविषयी असतो. ‘नीट’मध्ये खुल्या प्रवर्गासाठी ५० वे आणि राखीव प्रवर्गांसाठी ४० वे शततमक गाठले, की विद्यार्थी पात्र ठरतो. ही टक्केवारी नव्हे. परीक्षा देणाऱ्यांमध्ये आपला क्रम कुठे लागतो, याचे हे माप आहे. २०२५ साली सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली आणि सुमारे १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. त्याच सुमारास देशातील एम.बी.बी.एस.च्या एकूण जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या खाजगी संस्थांमध्ये होत्या. म्हणजे दहा पात्र विद्यार्थ्यांपैकी साधारणतः एकालाच जागा मिळू शकत होती. ‘मुलगा नीट पास झाला, आता प्रवेश नक्की’ असे सांगत गावात फिरणाऱ्या मध्यस्थाच्या बोलण्यातील फोलपणा या एका हिशेबाने लक्षात येतो.

याखेरीज बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गास किमान ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांस ४० टक्के गुण आवश्यक असतात. इंग्रजी विषय उत्तीर्ण असावा लागतो. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. कमाल वयाची अट २०२२ साली काढून टाकण्यात आली. ज्याने बारावीला गणित घेतले परंतु जीवशास्त्र घेतले नाही, त्यालाही ते अतिरिक्त विषय म्हणून नंतर उत्तीर्ण होऊन परीक्षेस बसण्याची मुभा आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली.

पहिले वळण : दहावीनंतर

निवडीचा पहिला प्रश्न बारावीनंतर नव्हे, तर दहावीनंतरच उभा राहतो. अकरावी व बारावी कोठे करावी? परभणी, सेलू किंवा गंगाखेड येथे राहून, लातूर-नांदेडला जाऊन, की राजस्थानातील कोटा किंवा हैदराबाद येथे? अलीकडे कनिष्ठ महाविद्यालय आणि प्रवेश परीक्षेची शिकवणी एकत्र देणाऱ्या व्यवस्थेची चलती आहे. तिचा उपयोग काही विद्यार्थ्यांना होतो. मात्र पालकांनी तीन गोष्टी तपासून पाहाव्यात.

पहिली गोष्ट राज्याच्या कोट्याची. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी महाराष्ट्राचा अधिवास आणि सर्वसाधारणपणे दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण असणे आवश्यक असते. शासकीय कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसारखे काही अपवाद नियमात आहेत. परंतु शेतकरी कुटुंबातील मुलाने परराज्यातील मंडळाची बारावी केली, तर त्याच्या हातून राज्याच्या जागा जाण्याचा धोका असतो. तेव्हा केवळ अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा आणि महागडी अभिमत विद्यापीठे एवढाच मार्ग उरतो. हा धोका प्रवेश घेतानाच समजून घेतला पाहिजे. दोन वर्षांनंतर त्यावर उपाय राहत नाही.

दुसरी गोष्ट नियमित शिक्षणाची. ज्या ठिकाणी नाव एका महाविद्यालयात आणि विद्यार्थी दुसऱ्याच शहरात असतो, तेथे प्रयोगशाळेतील काम होत नाही. वैद्यकीय शिक्षणात सूक्ष्मदर्शक हाती धरल्यावर ही उणीव जाणवते.

तिसरी गोष्ट खर्चाची. शिकवणीचे शुल्क, वसतिगृह व भोजन यांचा दोन वर्षांचा एकत्रित हिशेब मांडावा. तो भागविण्यासाठी कर्ज काढावे लागत असेल, तर पुढील साडेपाच वर्षांसाठी हाती काय उरेल, याचा विचार आधीच करावा.

दुसरे वळण : पुन्हा प्रयत्न की अन्य प्रवेश

निकालानंतरचा प्रश्न अधिक कठीण असतो. समजा, पाथरी तालुक्यातील एका विद्यार्थिनीचे वय १८ वर्षे आहे आणि पहिल्या प्रयत्नात तिला एम.बी.बी.एस.साठी पुरेसे गुण मिळाले नाहीत. तिच्यापुढे साधारणपणे तीन मार्ग असतात.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणे हा पहिला मार्ग. दुसऱ्या वर्षी यश आल्यास ती साडेचोविसाव्या वर्षी डॉक्टर होईल. तिसऱ्या प्रयत्नात यश आल्यास साडेपंचविसाव्या वर्षी. बी.ए.एम.एस., दंतवैद्यक, पशुवैद्यक यांसारख्या अभ्यासक्रमास त्याच वर्षी प्रवेश घेणे हा दुसरा मार्ग. बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन सोबत ‘नीट’ची तयारी करणे हा तिसरा मार्ग.

तिसऱ्या मार्गाविषयी स्पष्टता हवी. अमेरिकेतील पद्धतीशी तुलना करून काही पालकांना वाटते, की बी.एस्सी. झाल्यावर वैद्यकीय प्रवेश सोपा होतो किंवा पहिले वर्ष माफ होते. तसे होत नाही. पदवीधरही ‘नीट’ देऊ शकतो, परंतु पदवीमुळे त्यास जादा गुण, स्वतंत्र कोटा किंवा थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही. तीन वर्षांची पदवी आणि नंतर साडेपाच वर्षे असा साडेआठ वर्षांचा काळ जातो. हीच गोष्ट बी.ए.एम.एस. किंवा बी.फार्म. झालेल्यांनाही लागू आहे. म्हणून बी.एस्सी.ची निवड करावयाची असेल, तर ती त्या विषयातील आवडीमुळे करावी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत शिकून पुढे सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अध्यापन किंवा स्पर्धा परीक्षा या वाटा खुल्या होतात. वैद्यकीय प्रवेशाची मागची वाट म्हणून तिच्याकडे पाहणे चुकीचे आहे.

पुन्हा प्रयत्न करावा किंवा नाही, हे ठरविताना शिक्षकांनी भावनेपेक्षा गुणपत्रिकेकडे पाहावे. आपल्या प्रवर्गात राज्याच्या यादीतील शेवटच्या शासकीय जागेचे गुण किती होते आणि विद्यार्थ्याचे किती, हा पहिला प्रश्न. परीक्षा ७२० गुणांची आहे. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो. म्हणजे प्रत्येक चुकीच्या उत्तराच्या जागी बरोबर उत्तर आले, तर ५ गुणांचा फरक पडतो. तफावत थोडी असेल आणि ती एखाद्याच विषयामुळे पडलेली असेल, तर एक वर्ष देणे युक्त ठरते. तिन्ही विषयांत पाया कच्चा असेल, तर केवळ एक वर्षाने चित्र पालटेल अशी आशा धरू नये. दुसऱ्या प्रयत्नात गुण फारसे वाढले नाहीत, तर तिसऱ्याची सक्ती करू नये. घरच्यांच्या अपेक्षेच्या ओझ्याखाली खोलीत कोंडून घेतलेली मुले मनाने खचतात. शिक्षकाने वेळीच दिलेला एक दिलाशाचा शब्द अशा वेळी मोलाचा ठरतो.

अन्य अभ्यासक्रमांचे खरे मोल

‘एम.बी.बी.एस. नाही तर काहीच नाही’ ही भूमिका सोडल्यास अनेक मार्ग दिसू लागतात. बी.ए.एम.एस. व बी.एच.एम.एस. हे साडेपाच वर्षांचे, तर दंतवैद्यकाचा बी.डी.एस. हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. या तिन्हींत आंतरवासितेचा समावेश होतो आणि तिन्हींचा प्रवेश ‘नीट’मधूनच होतो. ग्रामीण आरोग्य उपकेंद्रांवर नेमल्या जाणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमध्ये बी.ए.एम.एस. व बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांचा मोठा वाटा आहे. मात्र बी.ए.एम.एस. झाल्यावर एम.बी.बी.एस.नंतरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांस प्रवेश मिळत नाही. त्यांचे पदव्युत्तर शिक्षण आयुर्वेदातच होते. हे ठाऊक असूनही ज्याला त्या शास्त्राची गोडी आहे, त्याने तो मार्ग आनंदाने घ्यावा. केवळ नावामागे ‘डॉक्टर’ लागावे म्हणून घेतलेला प्रवेश पुढे जड वाटतो.

परभणीच्या विद्यार्थ्यास घराजवळच असलेला एक मार्ग पशुवैद्यकाचा आहे. परभणी येथील पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक महाविद्यालय आहे. आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा हा अभ्यासक्रम असून त्याचाही प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो. लाल कंधारी गाय आणि मराठवाडी म्हैस यांच्या या प्रदेशात जनावर दगावले, तर शेतकऱ्याचे वर्ष बुडते. येथे पशुवैद्यकाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. लोकसेवा आयोगाकडून होणारी पशुधन विकास अधिकारी पदाची निवड, दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन आणि संशोधन या सर्व दिशा या पदवीमुळे मोकळ्या होतात.

बी.एस्सी. नर्सिंग व बी.फार्म. हे चार वर्षांचे अभ्यासक्रम आहेत आणि भौतिकोपचाराचाही मार्ग आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची १९७२ साली परभणीतच स्थापना झाली. तेथील कृषी व अन्नतंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांनाही खुले आहेत. कृषी व औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. म्हणून विद्यार्थ्याने ‘नीट’सोबत ही परीक्षाही अवश्य द्यावी. केवळ अर्ज न भरल्यामुळे चांगली संधी हुकल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात.

परदेशी शिक्षणाची पारख

देशात खाजगी महाविद्यालयाचे शुल्क परवडत नाही म्हणून काही पालक रशिया, मध्य आशियातील देश, फिलिपाईन्स आदी ठिकाणी मुलांना पाठवितात. २०२२ साली युक्रेनमधील युद्धामुळे शिक्षण अर्धवट सोडून परतलेल्या विद्यार्थ्यांची परवड सर्वांनी पाहिली. परदेशी जाण्यास हरकत नाही, परंतु नोव्हेंबर २०२१ मध्ये लागू झालेले आयोगाचे नियम आधी वाचावेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो. त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता करावी लागते. त्या देशात व्यवसाय करण्यास पात्र ठरविणारी नोंदणी मिळावी लागते. भारतात परतल्यावर पात्रता परीक्षा आणि पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता करावी लागते. हे सर्व १० वर्षांच्या आत पूर्ण व्हावे लागते. शिवाय ‘नीट’ची पात्रता येथेही आवश्यकच आहे. परतल्यावरच्या परीक्षेत ३०० पैकी १५० गुण लागतात आणि बहुतेक सत्रांत निम्म्याहून अधिक उमेदवार अनुत्तीर्ण होतात. मध्यस्थ सांगतो तो खर्च सहसा पहिल्या वर्षाचा असतो. संपूर्ण काळाचा खर्च, प्रवास आणि परतल्यानंतरची वर्षे यांचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय जमिनीचा व्यवहार करू नये.

शुल्क, सवलती आणि बंधपत्र

शासकीय महाविद्यालयातील शुल्क आणि खाजगी महाविद्यालयातील शुल्क यांत मोठी तफावत असते. राज्यातील खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण निश्चित करते आणि ते प्रसिद्धही केले जाते. पसंतीक्रम भरण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाचे शुल्क पाहून ठेवावे. दूरचे शासकीय महाविद्यालय आणि जवळचे खाजगी महाविद्यालय यांत निवड करावयाची असता अंतर हा निकष दुय्यम मानणेच हिताचे ठरते.

२०२४-२५ पासून राज्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यावर शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत देण्यात आली. अभिमत विद्यापीठे आणि संस्थात्मक कोटा यांना ती लागू नाही. ‘मुलीवर एवढा खर्च कशाला’ असे म्हणणाऱ्या घरात ही माहिती वेळेवर पोहोचली, तर एका मुलीचे भवितव्य पालटू शकते.

शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यास पुढे एक वर्ष बंधपत्रित सेवा करावी लागते. याकडे शिक्षा म्हणून पाहू नये. समाजाच्या पैशातून घडलेल्या डॉक्टरने समाजाचे ऋण फेडण्याची ती संधी आहे. विद्यार्थ्याने अभ्यासातील सातत्यही राखले पाहिजे. २०२३ च्या नियमांनुसार पहिल्या वर्षाच्या परीक्षेस चारपेक्षा अधिक प्रयत्न मिळत नाहीत आणि आंतरवासिता वगळता अभ्यासक्रम ९ वर्षांत पूर्ण करावा लागतो.

गावपातळीवर काय करता येईल?

अनेकदा गुण असूनही कागदपत्रांअभावी प्रवेश हुकतो. अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे निकालानंतर काढू म्हटल्यास वेळ अपुरा पडतो. जात वैधतेसाठी वाडवडिलांचे शाळेतील निर्गम उतारे, महसुली नोंदी असे जुने पुरावे जमवावे लागतात. त्यात काही महिने सहज जातात. म्हणून विद्यार्थी अकरावीत असतानाच शाळेने व कनिष्ठ महाविद्यालयाने हे प्रस्ताव सादर करून घ्यावेत. ग्रामपंचायतीने जुन्या नोंदी शोधून देण्यास साहाय्य करावे. नाव, आडनाव आणि जन्मतारीख यांतील किरकोळ फरक दहावीच्या वेळीच दुरुस्त करून घ्यावेत.

प्रवेशाचे अर्ज व पसंतीक्रम हे सर्व काम संगणकावर होते. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्रीय समितीकडे आणि राज्याच्या जागांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. एक नोंदणी केली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही. गावातील सेवा केंद्रचालकाने परस्पर भरलेला पसंतीक्रम पुढे पस्तावण्यास कारण ठरतो. तो पालकांनी व शिक्षकांनी एकत्र बसून भरावा. कोणाही मध्यस्थाच्या हाती मूळ कागदपत्रे किंवा परवलीचा शब्द देऊ नये.

उन्हाळी सुटीत पंचायतीच्या सभागृहात एक बैठक घेता येईल. तीत परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, पशुवैद्यक, परिचारिका आणि औषधनिर्माता यांनी दहावी-बारावीच्या मुलांशी बोलावे. अमेरिकेतील विद्यार्थ्यास निर्णयासाठी चार वर्षांचा अवधी असतो. आपल्या विद्यार्थ्यास सतरा-अठराव्या वर्षीच निर्णय घ्यावा लागतो. हा अवधी वाढविणे गावाच्या हाती नाही. परंतु विचार करण्याची सुरुवात दोन वर्षे आधी करून देणे गावाच्या हाती निश्चित आहे. रुग्णाच्या सेवेची मनापासून ओढ, दीर्घ अभ्यासाची तयारी आणि घराची ऐपत या तीन गोष्टी तपासून घेतलेला निर्णय, मग तो एम.बी.बी.एस.चा असो वा अन्य शाखेचा, सहसा वाया जात नाही. पेरणीपूर्वी शेतकरी जमिनीचा पोत, पाण्याची सोय आणि हाताशी असलेले भांडवल पाहूनच बियाणे निवडतो. मुलाच्या शिक्षणाचा निर्णयही त्याच शहाणपणाने घेतला जावा.